तुझं नाव कुठेकुठे आहे?

अगं, तू विचारलंस ना, "ताई, लाडकी बहीणचे महिन्याचे पंधराशे पोस्टात टाकू, बँकेत ठेवू की भिशीत घालू?" सांगते सगळं. पण आधी तू मला सांग, ज्या खात्यात ते पैसे येतात त्या खात्याला मोबाइल नंबर कोणाचा जोडलेला आहे? आणि एटीएम कार्ड कोणाच्या पाकिटात असतं?

उगाच चौकशा म्हणून नाही विचारत. पोस्टाची आरडी गोळा करत सावनेरच्या गल्ल्यांमधून माझी अर्धी हयात गेली. हे काम महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेतलं. ती योजना १९७२ पासूनची, आणि तिची एजन्सी फक्त बायांनाच मिळते. त्यामुळे मी थेट स्वयंपाकघरापर्यंत जाते. तिथे मला दिसतं ते असं, की हप्ता तिच्या शिवणकामाचा, ब्लाउजला हुक लावून जमवलेला, आणि पासबुक त्याच्या नावाचं. का गं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "मले त्यातलं काय समजते, यायलेच इचारा." भाजीवाल्याशी पाव किलो वांग्यांसाठी हुज्जत घालणारी बाई हे म्हणते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. कारण समजत नाही हे खोटं आहे. तिला कोणी त्या खिडकीपर्यंत जाऊच दिलेलं नाही, एवढंच खरं आहे.

साताऱ्यातल्या म्हसवडच्या बायांचं तुला सांगते. चेतना सिन्हांनी तिथे बायांसाठी बँक काढायची ठरवली, तर पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला, कारण सभासद बायांना सही येत नव्हती, अंगठे होते. त्या बाया लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कोणत्याही रकमेचं व्याज आम्हाला तोंडी विचारा, आणि तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तेव्हा मले काय समजते, हे वाक्य आजपासून माझ्यासमोर म्हणायचं नाही.

तर मोबाइलचं. जून २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि जुलैत सेतू केंद्रासमोर, बँकांसमोर काय रांगा लागल्या होत्या, आठवतंय? पैसे बाईच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यातच येणार होते. त्यामुळे कित्येक जणींचं वर्षानुवर्षं पडून असलेलं जनधनचं खातं जागं झालं, काहींचं तर आयुष्यातलं पहिलं खातं निघालं. योजनेबद्दल कोणाचं काय मत असायचं ते असो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण पुढे काय झालं? सिम नवऱ्याच्या नावावर, ओटीपी त्याच्या फोनवर, कार्ड मुलाजवळ, पिन सगळ्या घराला पाठ. खातं तिचं आणि चावी दुसऱ्यांकडे. म्हणून पहिलं काम हे, की तुझ्या नावाचं सिम घे, ते खात्याला जोड, पिन तू स्वतः मशीनवर जाऊन बदल. पासबुकात दर महिन्याला स्वतः एंट्री मारून आण. हे सगळं झालं की तुझ्या पंधराशेचं कुठे काय करायचं ते बोलू.

आणि हो, कागदावरच्या नावाकडे आधी बघ. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, रेशनकार्डावर तिसरंच. आपल्याकडे लग्नात काही घरांमध्ये बाईचं पाळण्यातलं नावसुद्धा बदलतात. तांदळात अंगठीने लिहिताना कौतुक असतं, पण तीस वर्षांनी क्लेम मागायला गेलं की खिडकीतला माणूस विचारतो, ही बाई आणि ती बाई एकच कशावरून? मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, खेट्यांवर खेटे. नाव बदलायचं की नाही हा तुझा प्रश्न, पण एकदा जे ठरेल ते आधार, पॅन, बँक, मतदार यादी आणि रेशनकार्ड, सगळीकडे एकच असू दे, स्पेलिंगसकट.

आता घरात लपवलेल्या पैशांबद्दल. तुझ्याकडेही असतील, मला सांगू नकोस कुठे. तुरीच्या डाळीच्या डब्यात, जुन्या शालूच्या घडीत, देव्हाऱ्यामागे. आपल्या आया-आज्यांनी अशीच घरं वाचवली, त्या सवयीला मी कधी नावं ठेवणार नाही. पण ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवते? पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या, आणि वर्षानुवर्षं लपवलेलं एका रात्रीत बाहेर काढावं लागलं. अडीच लाखांपर्यंत भरले तर गृहिणींना विचारणार नाही, असं सरकारने सांगितलं होतं. सरकारने नाही विचारलं, पण घरात विचारलं. "एवढे होते, अन् मी कर्ज काढत होतो?" बायांना चोरासारखं उभं राहावं लागलं. मुलीच्या बाळंतपणासाठी, स्वतःच्या ऑपरेशनसाठी पै पै जोडलेली असायची, ती मग "आपले" पैसे म्हणून खर्च झाली. त्या दिवसांत ज्या बाया माझ्या समोर रडल्या, त्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. डब्यातल्या पैशाला व्याज नाही, पुरावा नाही, आणि तो सापडला की तुझा राहत नाही. घरात हजार-दोन हजार हाताशी ठेव, बाकीचे खात्यात.

तुझे पंधराशे आहेत ना, त्यातले हजार आरडीत टाक. पोस्टाची आरडी पाच वर्षांची, शंभर रुपयांपासून सुरू होते. व्याज ऑक्टोबर २०२३ मध्ये ६.७ टक्के झालं. त्या दराने महिना हजार भरले तर साठ हजारांचे एकाहत्तर हजारांवर होतात. बारा हप्ते झाले की जमा रकमेच्या अर्धं कर्ज तिच्यावरच मिळतं, म्हणजे सावकाराकडे किंवा नणंदेकडे हात पसरायला नको. तीन वर्षांनी मोडताही येते. हप्ते मात्र चुकवू नकोस, सलग चार चुकले की खातं अडकतं. उरलेले पाचशे बचत खात्यातच राहू दे, जोवर घरातला तीन महिन्यांचा किराणा, फी आणि औषधपाणी निघेल एवढी पुंजी होत नाही. त्याआधी दुसरं काही नको, कोणी कितीही गोड बोललं तरी.

भिशी चालू असेल तर चालू ठेव. महिन्यातून एकदा चार जणी जमतात, चहा होतो, मन मोकळं होतं, त्याची किंमत मला कळते. पण ती ओळखीवर चालते. एक जण गाव सोडून गेली की मागे राहिलेल्यांच्या हातात कागद नसतो. म्हणून जेवढे बुडाले तरी झोप उडणार नाही, तेवढेच भिशीत.

बचत गटाची गोष्ट वेगळी. त्याला वही आहे, ठराव आहे, बँकेत खातं आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, गट बँकेशी जोडायचं काम नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केलं, आता गावोगावी उमेदचे गट आहेत. तू गटात असशील तर वही वाचायला शीक, सचिव एकदा तरी हो. पण गटाबद्दल मला खरं बोलायचंय ते कर्जाचं. जरा लक्ष देऊन ऐक.

गटाचं कर्ज बाईच्या नावावर, मायक्रोफायनान्सचं कर्ज बाईच्या नावावर, कारण बाया परतफेड करतात हे त्यांना ठाऊक असतं. आणि त्या पैशातून येतं काय? नवऱ्याची मोटरसायकल, दिराच्या दुकानाचा माल, सासऱ्यांच्या बोअरवेलची मोटर. गाडीच्या आरसीवर त्याचं नाव, दुकानाच्या परवान्यावर दिराचं, कर्जाच्या कागदावर तेवढं तुझं. हप्ता थकला की दारात माणसं येतात ती तुला विचारायला. गटातल्या बाकीच्या बायांची तोंडं उतरतात ती तुझ्यामुळे. सिबिल खराब होतं तेही तुझंच. अशी एक बाई मला माहीत आहे, कापूस वेचायला जायची, वेचणीच्या मजुरीतून तिने गाडीचे सगळे हप्ते फेडले. एकदा मुलीला तापात दवाखान्यात न्यायचं होतं, तर गाडी मित्रांकडे गेलेली. तिने मला फक्त एवढंच विचारलं, "ताई, गाडी कोणाची हो?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून माझा हट्ट समज, पण हे पाळ. कर्ज तुझ्या नावावर असेल तर वस्तूही तुझ्या नावावर, नाहीतर निदान दोघांच्या. आरसी, दुकानाचं लायसन, शिलाई मशीनची पावती, म्हशीचा विमा, सगळं. आणि कोणाला जामीन राहू नकोस, भावालाही नाही, जोवर ती रक्कम तू स्वतः फेडू शकत नाहीस. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला तारण न घेता दिलेल्या कर्जाबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केलेत. घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा सगळे हप्ते मिळून जास्त व्हायला नकोत, आणि वसुलीवाल्याने धमकवायचं नाही. एक फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं, असं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हण.

जास्त व्याजाचंही तसंच. आपल्या नागपूर जिल्ह्याने या बाबतीत फार सोसलंय. २००२ मध्ये आपल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे सरकारी रोख्यांसाठी खासगी दलालांना दिलेले शंभर कोटींहून जास्त रुपये बुडाल्याचं बाहेर आलं. शेतकऱ्यांच्या ठेवी अडकल्या, आणि खटल्याचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. मधल्या काळात किती मुलींची लग्नं उधारीवर झाली असतील, विचार कर. २०१३ मध्ये श्रीसूर्या, २०१४ मध्ये वासनकर, ही जादा परताव्याच्या आमिषाची प्रकरणं नागपुरात गाजली. गुंतवणारे अडाणी नव्हते, निवृत्त माणसं, नोकरदार, डॉक्टर होते. तेव्हा शिकलेला माणूस सांगतोय म्हणून भुलू नकोस. बँकेत एका माणसाच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा पाच लाख आहे, सहकारी बँकांनाही. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही. दारावरच्या पाटीत बँक लिहिलंय की पतसंस्था, हे वाचून आत जा. तुझी मामेसासू तिथे संचालक आहे, हे काही संरक्षण नव्हे.

बरं, आता जमिनीचं बोलू. हे बोलताना माझा आवाज जरा चढतो, समजून घे.

सावनेरच्या आसपास कोणत्याही शिवारात जा, कापूस वेचणाऱ्या सगळ्या बाया. निंदण बायांचं, संत्र्याच्या बागेत पाणी फिरवायला बाई, तोडीच्या वेळी वाहून न्यायला बाई. आणि सातबारा काढ, त्यावर बाई क्वचित सापडते. सापडली तर बहुधा विधवा असते. आता याचा पैशाशी संबंध बघ. कापसाचा चुकारा सातबारावाल्याच्या खात्यात, पीककर्ज त्याच्या नावावर, विम्याची भरपाई त्याला, पीएम किसानचे सहा हजार त्याला. शेतात राबलेल्या बाईचा या कशातच उल्लेख नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हे चाळीस वर्षांपूर्वी ओळखलं होतं. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायांचं मोठं अधिवेशन झालं, आणि पुढे त्यांनी शेतकऱ्यांना सांगितलं की कर्जमुक्ती मागता, तर आधी घरातल्या लक्ष्मीचं देणं द्या, जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावावर करा. लक्ष्मीमुक्ती म्हणत त्याला. १९९२ मध्ये सरकारनेही त्यासाठी परिपत्रक काढलं, त्याच नावाचं. नवऱ्याच्या हयातीत सातबारावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागू शकतं. तलाठ्याकडे जाऊन नुसतं विचारायचं असतं, आणि नवऱ्याने अर्ज करायचा असतो. कितीक घरांना हे माहीतच नाही. माहीत असूनही करत नाहीत, तीही घरं आहेत. आमचे जावई, म्हणजे तुझे यजमान, चांगले आहेत, तू बोलून बघ. गावातल्या घरालाही ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर दोघांचं नाव लावता येतं.

दुसरं तुझ्या माहेरचं. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित इस्टेटीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, शेतीतही. आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्टच केलं की २००५ च्या त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते, याने फरक पडत नाही. मुलीचं लग्न झालेलं असलं तरीही. कायद्याचं एवढंच. खरी गोष्ट घडते ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. वडील गेले की भाऊ गाडी पाठवतो, वहिनी साडी घेते, हॉटेलात जेवण होतं, आणि "ताई, इथे एक सही" म्हणून हक्कसोडपत्र पुढे येतं. सही करायची की नाही हे मी तुला सांगणार नाही. भाऊ कर्जात असेल, आईला तोच सांभाळत असेल, तुझं बरं चाललं असेल, तर सोडावंसं वाटेल, आणि त्यात काही वावगं नाही. पण सोडते आहेस ते किती एकर, आज त्याचा भाव काय, बागायती की कोरडवाहू, हे माहीत करून सोड. कागद एक दिवस आधी माग, घरी वाच, मग सही. सोडलं तर भावाला कळू दे की बहिणीने जाणूनबुजून दिलं. न वाचता केलेल्या सहीचं दुःख काय असतं ते मी दिवाळीला माहेरी न जाणाऱ्या बायांच्या घरात पाहिलंय. आणि वारसनोंद करताना मुलींची नावं वगळली जातात का, तेवढं लक्ष ठेव. फेरफार एकदा मंजूर झाला की तो मोडायला वर्षं जातात.

सोन्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यात तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. माहेरून आलेलं, सासरहून चढवलेलं, ते तुझं स्त्रीधन. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की ते फक्त बाईचं. सासूबाईंच्या कपाटात ठेवलं म्हणून त्यांचं होत नाही. पावत्या जपून ठेव, दागिन्यांचे फोटो काढून ठेव, आणि लॉकर तुझ्याही नावाने असू दे.

आता जे बोलणार आहे ते अशुभ म्हणून टाळू नकोस. माणूस गेल्यावरचं. इथे आजूबाजूला वेकोलिच्या कोळशाच्या खाणी, तिकडे खापरखेड्याचं वीजकेंद्र, अनेक घरं त्या पगारावर चालतात. नवरा गेल्यावर बाईला ठाऊक नसतं की विमा कुठे आहे, पीएफ किती आहे, कर्ज कोणाचं. कोळसा खाणीतल्या कामगारांसाठी वेगळा भविष्यनिर्वाह निधी आहे, १९९८ पासून पेन्शन योजना आहे, तिच्यात विधवेला पेन्शन आहे. पण लग्नाआधी नोकरीला लागताना भरलेल्या फॉर्मवर आईचं नाव तसंच राहिलेलं असतं. नंतर ते कोणी उघडून बघत नाही. तू या आठवड्यात जावयांना घेऊन बस. एका वहीत लिहून काढ, कोणतं खातं कुठे, पॉलिसी नंबर काय, नॉमिनी कोण, कोणाचं देणं, कोणाचं येणं.

आणि नॉमिनी असणं म्हणजे मालक असणं नव्हे, हेही लक्षात असू दे. भिंतीवर कालनिर्णय आहे ना, ज्याच्या मागे तू दुधाचा हिशेब लिहितेस? त्या कालनिर्णयच्या जयंत साळगावकरांच्या वारसांमधला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला की नॉमिनीच्या हातात पैसे आले तरी शेवटी हक्क वारसांचाच. म्हणून नॉमिनी तर लावायचाच, पण इस्टेट असेल तर साध्या कागदावर का होईना मृत्युपत्र करायचं, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. जावई विमा घेत असतील तर एजंटला सांगा, १८७४ च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली पॉलिसी हवी. घेतानाच एक फॉर्म भरायचा असतो, नंतर करता येत नाही. मग त्या विम्याचे पैसे बायको-मुलांचेच. नवऱ्याचे घेणेकरी त्याला हात लावू शकत नाहीत. शेती आणि धंद्याच्या कर्जात असलेल्या घराला याहून मोठा आधार मला ठाऊक नाही. एवढा विमा झेपत नसेल तर बँकेतून वर्षाला ४३६ रुपयांचा दोन लाखांचा जीवनविमा आणि २० रुपयांचा दोन लाखांचा अपघात विमा तरी दोघांचाही काढा. दोघांचाही म्हणजे तुझाही. तू गेलीस तर घर चालवायला पैसे लागणार नाहीत, असं कोणी समजू नये.

म्हातारपणाची सोय मात्र तुला आजच करायला हवी, कारण घरातल्या कामाला पेन्शन नाही. अटल पेन्शन योजनेत चाळिशीच्या आत शिरावं लागतं, आणि प्राप्तिकर भरणाऱ्यांना ती घेता येत नाही. पंचविसाव्या वर्षी सुरू केलं तर महिना ३७६ रुपयांत साठीनंतर महिना पाच हजार मिळतात. हेच चाळिसाव्या वर्षी सुरू केलं तर १,४५४ भरावे लागतात. बघ उशीर किती महाग पडतो. लेकीसाठी सुकन्या समृद्धी आहे, वर्षाला अडीचशे रुपयेसुद्धा चालतात. म्युच्युअल फंडाची एसआयपी तू ऐकलं असशील. वाईट नाही, पण ती सात-दहा वर्षं हात न लावता ठेवायच्या पैशांसाठी आहे. बाजार पडला की पोटात गोळा येणार असेल तर आधी पोस्टाची शिदोरी होऊ दे.

एक बोलायचं राहिलं, ते थोडं अवघड आहे. सगळ्याच घरी जावई चांगले नसतात. नाटककार राम गणेश गडकरी याच आपल्या सावनेरात २३ जानेवारी १९१९ ला गेले. त्यांचं 'एकच प्याला' तू पाहिलं नसलंस तरी सिंधू तुला ठाऊक आहे, बालगंधर्वांची सिंधू म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून नाव येतं. श्रीमंत घरची लेक, नवरा दारूत बुडाला, आणि तिने माहेरची मदत नाकारून दळण दळून घर चालवलं. शेवटी मूलही गेलं आणि तीही. शंभर वर्षं झाली, लोक तिच्या पातिव्रत्यासाठी रडतात. मीही रडले. पण बाई, मला आता तिच्या दळणाच्या पैशांची आठवण जास्त येते. कमावत तर ती होती. त्यातला एक पैसा तिच्या नावाने कुठे सुरक्षित असता, कोणी तिला म्हणालं असतं की मूल घेऊन चल, खोली बघू, तर? आजही सावनेरात सिंधू आहेत. मजुरी हिसकावून घेतली जाते, पगाराचं कार्ड काढून घेतलं जातं, खर्चाला पैसे देत नाहीत, दागिने विकून टाकतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात याला आर्थिक छळ म्हटलंय आणि तोही हिंसाचारच मानलाय. मार खाल्लेला नसला तरी. त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात, १८१ नंबर आहे. तुझ्या शेजारच्या त्या बाईला हे सांग, जिच्याबद्दल तू मागे बोलली होतीस. तिला सल्ला देऊ नकोस, आधी तिच्या पोस्टाच्या खात्याचं पासबुक तुझ्याकडे ठेवायची तयारी दाखव.

जावयांशी कसं बोलायचं, ते विचारत होतीस. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बोल, शेवटच्या आठवड्यात नाही, तेव्हा सगळेच चिडलेले असतात. सासूबाईंसमोर नको. माझा हक्क, असं सुरू करू नकोस, हक्क आहेच. "तुमच्या मागे मला सगळं सांभाळायला लागलं तर कागद कुठे शोधू?" असं विचार. बहुतेक पुरुष इथे थांबतात, कारण त्यांनाही ती भीती असते, बोलत नाहीत एवढंच. ते म्हणतील, विश्वास नाही का? तर म्हण, विश्वास आहे म्हणूनच तुम्हाला विचारतेय, नाहीतर तलाठ्याला विचारलं असतं. आणि घरात तुझा पगार किंवा शिवणकामाचे पैसे येतात त्यातला ठरलेला भाग घरखर्चाला देत जा, सगळा नाही. सगळा दिलास की पुढच्या महिन्यापासून तो दिल्यासारखा वाटत नाही.

सोमवारी ये मग. आधार, पॅन, दोन फोटो आणि तुझा स्वतःचा मोबाइल, रिचार्ज केलेला. आधारवरचं नाव येण्याआधी तपासून घे. पोस्टात दुपारी गर्दी होते, आपण अकराच्या आत पोचू. फॉर्म मी भरणार नाही, तू भरायचास. मी शेजारी बसते.